पाइपच्या तोंडाशी थांबलेला कायदा

कायदा हा विज्ञानाच्या मासिकाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका काही वाचकांना येईल. आमच्या मते पाण्याविषयीचा कायदा तरी नक्कीच होऊ शकतो. प्रदूषणाच्या प्रत्येक कायद्यात एक मोजमाप दडलेले असते. काय मोजायचे, कोठे मोजायचे, आणि किती भरले म्हणजे ते जास्त समजायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात दिलेली असतात. ही उत्तरे ठरवणारे लोकप्रतिनिधी नकळत एका प्रयोगाची रचना करीत असतात. आणि रचना प्रयोगाची असेल, तर ती तपासून पाहण्याचा हक्क विज्ञान शिकणाऱ्या व शिकवणाऱ्या प्रत्येकाला आहे.

या लेखात आम्ही अमेरिकेच्या संघीय जलकायद्यांची अशी तपासणी करणार आहोत. अमेरिका निवडण्याचे कारण साधे आहे. तेथील मुख्य कायदा १९७२ चा, म्हणजे अर्धशतक चाललेला प्रयोग आहे आणि त्याचे निष्कर्ष आता हाती आहेत. शिवाय आपला केंद्रीय जलप्रदूषण कायदा त्यानंतर दोनच वर्षांनी आला. तेथे जे घडले त्यातून आपल्यालाही काही शिकता येईल.

गुन्हेगार सापडत नव्हता

२२ जून १९६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात कायाहोगा नदीच्या पृष्ठभागाला आग लागली. नदीवर तेलाचा आणि कचऱ्याचा थर होता, त्याने पेट घेतला. आग अर्ध्या तासाच्या आतच विझली. ही नदी त्यापूर्वीही अनेकदा पेटली होती. १९५२ ची आग तर कितीतरी मोठी होती आणि 'टाइम' साप्ताहिकाने १९६९ च्या बातमीसोबत छापलेले छायाचित्र १९५२ च्या आगीचेच होते. पण लोकमत तयार व्हायला ही छोटी आग पुरेशी ठरली.

त्या वेळी अमेरिकेत पाण्याचा कायदा नव्हता असे मुळीच नाही. १९४८ चा संघीय कायदा होता, १९६५ मध्ये त्यात महत्त्वाची भर पडली होती. १९६५ च्या रचनेत मोजमापाची जागा नदीपात्र ही होती. नदीचे पाणी किती शुद्ध असावे याचे मानक राज्यांनी ठरवायचे आणि ते मोडले गेले तर कारवाई करायची. ऐकायला हे अगदी योग्य वाटते. मासे नदीत राहतात, तेव्हा मोजायचेही नदीतच. अडचण पुढे येई. एका नदीवर दहा कारखाने आणि चार शहरे असतील, तर प्राणवायू कमी झाला तो नेमका कोणामुळे? प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवी. परिणामावरून कारणाकडे उलटे जाणे विज्ञानातही अवघड असते, न्यायालयात तर ते जवळजवळ अशक्य होते.

१९७२ च्या कायद्याने मोजमापाची जागा नदीतून उचलून पाइपच्या तोंडाशी नेली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वापरलेला नकाराधिकार डावलून काँग्रेसने १८ ऑक्टोबर १९७२ रोजी तो संमत केला. यापुढे पाइपमधून पाणी सोडणाऱ्या प्रत्येकाला परवाना हवा. परवान्यात आकडे असतील, आणि ते आकडे उपलब्ध तंत्रज्ञानाने काय साधता येते त्यावरून ठरतील. नदीचे काय झाले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. शहरांच्या मैलापाण्यासाठी नियम ठरला तो असा: शुद्धीकरणानंतर पाच दिवसांची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे प्रयोगशाळेत सगळे जिला बीओडी म्हणतात ती, महिन्याच्या सरासरीने लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. तरंगत्या घनपदार्थांनाही तीच मर्यादा. शुद्धीकरण केंद्रे बांधायला संघीय सरकारने खर्चाचा ७५ टक्के वाटा उचलला. परवानाधारकाने आपले आकडे नियमित कळवायचे, ते जनतेला खुले राहतील, आणि नियम मोडणाऱ्यावर सामान्य नागरिकही दावा लावू शकेल, अशी तरतूद झाली.

ही रचना आम्हांला खरोखर बुद्धिमान वाटते. सुटत नसलेला प्रश्न बाजूला ठेवून सुटू शकेल असा प्रश्न निवडणे ही विज्ञानाचीच पद्धत आहे. परिणामही दिसले. डेव्हिड कायझर आणि जोसेफ शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,४०,००० ठिकाणच्या ५ कोटी नोंदी तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार १९७२ ते २००१ या काळात मासेमारीला अयोग्य पाण्याचा हिस्सा शंभरात बारांनी घटला. कायाहोगा नदीतील मासे खाण्याबाबतचे निर्बंधही २०१९ मध्ये सैल करण्यात आले.

मात्र कायद्याने स्वतः ठरवलेली उद्दिष्टे याहून खूप मोठी होती. १९८३ पर्यंत सर्व पाणी मासे जगण्यास व पोहण्यास योग्य व्हायचे होते आणि १९८५ पर्यंत प्रदूषक सोडणेच बंद व्हायचे होते. यांपैकी एकही उद्दिष्ट आजवर गाठले गेलेले नाही. यामागे केवळ अंमलबजावणीची ढिलाई आहे असे आम्हांला वाटत नाही. दोष मोजमापाच्या जागेत आहे.

एका सरोवराची साक्ष

कायाहोगा नदी ईरी सरोवराला मिळते. १९६० च्या दशकात हे सरोवर 'मेले' असे लोक म्हणू लागले होते. मैलापाण्यातून आणि कपडे धुण्याच्या पावडरींमधून येणाऱ्या फॉस्फरसमुळे शैवाल बेसुमार वाढे, ते मेल्यावर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपे. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९७२ मध्ये पंचमहासरोवरांविषयी करार केला व १९७८ मध्ये ईरीसाठी वर्षाला ११,००० टन फॉस्फरसची मर्यादा ठरवली. पाइप मोजले गेले, केंद्रे बांधली गेली, आणि १९८० च्या दशकात सरोवर सावरले. पाठ्यपुस्तकात यशोगाथा म्हणून ते शोभले असते.

पण १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर शैवाल परत आले. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे विष आढळले आणि चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. हे विष उकळल्याने नष्ट होत नाही. उलट पाण्याची वाफ होऊन ते अधिक दाट होते. 'पाणी उकळून प्या' हा आपला नेहमीचा सल्ला तेथे घातक ठरला असता.

या खेपेला फॉस्फरस आला तो मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांतून. त्यात एक बारीक मेख आहे. मर्यादा एकूण फॉस्फरसला होती. मातीच्या कणांना चिकटलेल्या फॉस्फरसचा थोडाच भाग शैवालाला वापरता येतो, विरघळलेला मात्र जवळजवळ सगळा. एकूण आकडा फारसा न बदलता त्यातील विरघळलेला हिस्सा वाढत गेला. म्हणजे कोठे मोजायचे यात जशी चूक झाली, तशी काय मोजायचे यातही झाली.

शेतातून येणाऱ्या पाण्याला परवाना का नाही? कारण कायद्याची परवाना-पद्धत फक्त 'बिंदू-स्रोतांना', म्हणजे पाइप, गटार, चर अशा बोट ठेवून दाखवता येणाऱ्या मार्गांना लागू होते. एवढ्यावरही भागले नाही. सिंचनानंतर शेतातून परतणारे पाणी १९७७ च्या दुरुस्तीने आणि पावसाने शेतातून वाहणारे पाणी १९८७ च्या दुरुस्तीने या व्याख्येतून स्पष्टपणे वगळण्यात आले. पसरट स्रोतांसाठी १९८७ मध्ये एक वेगळे कलम आले खरे, पण त्यात योजना आणि अनुदाने आहेत, बंधन नाही.

आयोवा राज्यात या वगळणुकीचा विनोद पाहायला मिळतो. तेथे ओल्या जमिनीचा निचरा करण्यासाठी शेतांखाली सच्छिद्र नळ्यांचे जाळे पुरलेले आहे. त्यातून नायट्रेट थेट ओढ्यात येते. डोळ्यांना तो पाइप दिसतो, कायद्याच्या दृष्टीने मात्र तो पाइप आहे की नाही हाच वाद. डे मॉइन शहराच्या जलपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये निचरा-मंडळांविरुद्ध दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला, पण मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. दुसरीकडे १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्यानुसार नळाच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, कारण तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते. ही मर्यादा पाळायची जबाबदारी शहराची. एक कायदा घाण सोडायला मुभा देतो, दुसरा ती काढायला लावतो, आणि बिल नळ उघडणाऱ्याच्या नावे येते.

पाणी एक, कप्पे अनेक

इयत्ता पाचवीतील मुलालाही जलचक्राची आकृती काढता येते. कायद्याने मात्र त्या वर्तुळाचे तुकडे केले आहेत. १९७२ चा कायदा 'नौकानयनयोग्य' पाण्यासाठी आहे, आणि त्याची व्याख्या 'अमेरिकेचे पाणी' अशा मोघम शब्दांत दिली आहे. या दोन शब्दांवर पन्नास वर्षे खटले चालू आहेत. त्यांतील दोन निकाल वर्गात चर्चेला घेण्यासारखे आहेत.

पहिला हवाई बेटांतील. माउई परगण्याच्या लाहैना येथील केंद्रात शुद्ध केलेले मैलापाणी विहिरींतून जमिनीत सोडले जाई. तेथून समुद्र सुमारे अर्ध्या मैलावर. परगण्याचे म्हणणे असे की आमचा पाइप समुद्रात उघडत नाही, जमिनीत उघडतो, तेव्हा परवाना कशाला? शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये विहिरीत रंगद्रव्य सोडले. ८४ दिवसांनी ते किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावरील झऱ्यांत दिसले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये म्हटले की जमिनीतून झालेला विसर्ग थेट विसर्गाशी 'कार्यतः समतुल्य' असेल तर परवाना लागेल, आणि ते ठरवताना अंतर व वेळ पाहावी. भूजलशास्त्राच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. पण किती दिवस, किती अंतर? पन्नास मैल म्हणजे फार, काही फूट म्हणजे नक्कीच, एवढेच न्यायालय सांगते. मधले सगळे प्रत्येक खटल्यात नव्याने ठरायचे.

दुसरा निकाल मे २०२३ चा, सॅकेट खटल्यातला. आयडाहो राज्यात एका सरोवराजवळच्या पाणथळ भूखंडावर भराव टाकण्याचा हा वाद होता. न्यायालयाने ठरवले की नदी-सरोवराशी पृष्ठभागावरून अखंड जोडलेली पाणथळ जागाच कायद्याच्या कक्षेत येते. मध्ये बांध किंवा रस्ता असेल, तर ती बाहेर. भूखंडाबाबतचा निर्णय एकमताचा होता, पण या कसोटीवर न्यायमूर्ती ५ विरुद्ध ४ असे विभागले गेले. पाणथळ जागेचे काम पुराचे पाणी धरून ठेवणे, गाळ बसवणे आणि नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणे. यातले बरेचसे जमिनीखालून चालते. बांधाने पृष्ठभाग तुटतो, भूजलाची पातळी तुटत नाही. मालकाला आपल्या जमिनीवर काय चालेल हे आधी कळावे ही अपेक्षा रास्त आहे, आणि स्पष्ट कसोटीची गरज आम्ही नाकारत नाही. मात्र स्पष्टतेसाठी निवडलेली रेषा निसर्गात नसेल, तर ती सोयीची ठरेल, खरी ठरणार नाही.

तिसरा तुकडा गुणवत्ता आणि प्रमाण यांचा. कोणाला किती पाणी मिळावे हा राज्यांचा अधिकार राहील, असे १९७७ च्या दुरुस्तीत नमूद आहे. पण पाण्याची शुद्धता त्याच्या प्रमाणापासून वेगळी काढता येते का? ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ मध्ये मैलापाण्याचे प्रसिद्ध मानक सुचवले, बीओडी २० आणि घनपदार्थ ३०. त्याच्या मागे एक अट होती. मिसळायला नदीत आठपट स्वच्छ पाणी हवे. पुढे आकडे जगभर पोचले, अट वाटेत गळाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका जलविद्युत प्रकल्पाच्या खटल्यात प्रमाण आणि गुणवत्ता यांतील भेद कृत्रिम असल्याचे मान्य केले. कायद्याची मुख्य रचना मात्र तशीच राहिली.

मार्च २०२५ मध्ये तर चक्र उलटे पूर्ण झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परवान्यात अशी अट होती की तुमच्या विसर्गामुळे समुद्राच्या पाण्याचे मानक मोडता कामा नये. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती रद्द केली. परवानाधारकाने काय करावे हे संस्था सांगू शकते, पण मिसळल्यानंतरच्या पाण्याच्या अवस्थेसाठी त्याला जबाबदार धरू शकत नाही. १९६५ ची पद्धत काँग्रेसने जाणीवपूर्वक सोडली होती, हा त्यामागील युक्तिवाद चुकीचा नाही. पण आता पाइपवाला म्हणतो, माझे आकडे बरोबर आहेत. शेतकरी म्हणतो, मी पाइप नाही. नदी कोणाच्या वहीत आहे?

दहावे घर

मोजमापाची जागा बरोबर असूनही मोजणी फसू शकते, याचे उदाहरण मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराचे. शिशासाठी १९९१ चा नियम थेट घराच्या नळाशी मोजतो, कारण शिसे घरापर्यंतच्या पाइपमधूनच येते. पण मर्यादा सरासरीला किंवा कमाल आकड्याला नाही, नव्वदाव्या शतमकाला आहे. तो एक अब्ज भागांत १५ भागांहून अधिक झाला तरच कारवाई.

शिक्षकांनी हा खेळ फळ्यावर करून पाहावा. दहा घरांचे आकडे चढत्या क्रमाने लिहा: २, २, ३, ४, ४, ५, ६, ८, १४, २००. नववा आकडा १४, म्हणून कायदा समाधानी. दहाव्या घरातील मूल काय पिते, हे या नियमाला विचारताच येत नाही.

फ्लिंटने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला. नदीचे पाणी घेतले, पण पाइप गंजू नयेत म्हणून घालायचे फॉस्फेट घातले नाही. २०१५ मध्ये गोळा झालेल्या ७१ नमुन्यांपैकी दोन वगळण्यात आले. ते निकषात बसत नाहीत असे कारण दिले गेले. ते धरले असते, तर शतमक १५ च्या वर जात होते. वगळल्यावर ते ११ झाले. दोन नमुन्यांनी एका शहराचे पाणी कागदावर शुद्ध केले. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमात मर्यादा १० करण्यात आली आणि शिशाचे बहुतेक पाइप दहा वर्षांत बदलण्याचे बंधन घालण्यात आले. आमच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची, कारण तिच्यात शतमकाची पळवाट नाही. आणि ज्यांच्या घरी स्वतःची विहीर आहे अशा कोट्यवधी अमेरिकनांना पेयजल कायदा लागूच होत नाही. २५ माणसे किंवा १५ जोडण्या असतील तरच ती सार्वजनिक योजना.

आपल्या ओढ्यापाशी

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता. १९७४ चा केंद्रीय कायदा राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. त्यातील 'प्रवाहा'ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नदी, जलमार्ग (वाहता असो वा तात्पुरता कोरडा), अंतर्गत पाणी, भूगर्भातील पाणी, समुद्र, सगळे तीत आहे. ज्या दोन शब्दांवर अमेरिकेत पन्नास वर्षे खल झाला, तो प्रश्न आपल्या कायद्याने एका कलमात मिटवला. उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओढा हाही ओढाच, हे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

पण व्याख्या रुंद असली तरी मोजपट्टी आपणही तेथेच ठेवली. संमतिपत्र लागते ते कारखान्याला आणि सांडपाणी सोडणाऱ्या यंत्रणेला. उसाच्या शेतातून उतरणाऱ्या नायट्रेटला नाही. नदीनाल्यांत सोडायच्या पाण्यासाठी आपले सर्वसाधारण मानकही बीओडी ३० हेच. फरक एवढाच की आपल्याकडे हवामान लक्षात घेऊन चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस करतात, अमेरिकेत २० अंशांना पाच दिवस. चाचणीचे तापमान आपण हवामानाप्रमाणे बदलले. मग एप्रिल-मे महिन्यांत ज्या नद्यांत सांडपाण्याखेरीज दुसरे पाणी नसते, तेथे मिसळणीचे गणित का बदलले नाही? नदीच जर सोडलेल्या पाण्याची बनलेली असेल, तर ३० चे पाणी सोडल्यावर नदीतही सुमारे ३० च राहणार.

पाइपची मोजणी सोडून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. तिच्याशिवाय कायाहोगा आजही पेटती राहिली असती. आमची मागणी दुसऱ्या मोजणीची आहे. पाइपच्या तोंडाशी परवाना राहू द्या. त्याच्या जोडीला संपूर्ण पाणलोटाचा जमाखर्च बंधनकारक करा, त्यात शेत, भूजल आणि पाणथळ जागा यांचे रकाने असू द्या, आणि जमाखर्च जुळला नाही तर परवाने आपोआप फेरतपासणीला यावेत. जमाखर्चाचे कलम अमेरिकन कायद्यात १९७२ पासून आहे. अनेक वर्षे ते धूळ खात पडले आणि नागरिकांनी दावे लावल्यावर जागे झाले. पण शेतांच्या वाट्याला आलेला आकडा सक्तीने वसूल करण्याची सोय त्यात आजही नाही.

शाळेतून यातले काय करता येईल? आपल्या कायद्याच्या २५ व्या कलमानुसार राज्य मंडळाने दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि संबंधित व्यक्तीला ती पाहता येते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी गावातील एक नाला निवडावा. नकाशावर त्याला येऊन मिळणारे सगळे पाणी दाखवावे: कारखाना, गटार, शेत, गोठा, विहिरींचा पाझर. ज्या ठिकाणचे पाणी कोणीतरी नियमाने मोजते तेथे निळी खूण करावी, जेथे कोणीच मोजत नाही तेथे तांबडी. नकाशा पूर्ण झाला की ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नेऊन तांबड्या खुणांविषयी विचारावे.